उशाशी बसलेली माणसं

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात दिवसभर एक हाक चालू असते. "सात नंबरचं कोण आहे?" हाक मारणारी कधी सिस्टर असते, कधी शिकाऊ डॉक्टर, कधी एक्स-रेच्या खोलीतून आलेले मामा. हाक आली की कुणीतरी हातातला घास डब्यात टाकून उठतं. नंबर रुग्णाचा असतो, पण हवं असतं ते त्याच्याबरोबर आलेलं माणूस. रक्ताचा नमुना खाली लॅबमध्ये पोचवायचा असतो, बाहेरून इंजेक्शन आणायचं असतं, आधारकार्डाची झेरॉक्स द्यायची असते, ट्रॉलीला मागून हात लावायचा असतो. आणि ज्या नंबरच्या हाकेला कुणीच उठत नाही, त्या कॉटकडे सगळा वॉर्ड वळून बघतो.

आई घरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आम्ही तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. आमच्याकडे त्याला सगळे सिव्हिलच म्हणतात. बायकांच्या हाडांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबता येत नाही. त्यामुळे आत मी आणि बाहेर व्हरांड्यात भाऊ, अशी वाटणी न बोलताच झाली. ऑपरेशन लगेच होण्यासारखं नव्हतं. वय झालेलं, साखर वाढलेली, अंगात रक्त कमी. आधी फिजिशियननी तपासायचं, मग भूलतज्ज्ञांनी, मग योजनेची मंजुरी यायची. तोवर पायाला वजन लावून आई उताणी पडून होती आणि मी तिच्या उशाशी होते. तिथे बसल्या बसल्या माझं एक मत पक्कं झालं. आपल्याकडे वॉर्ड चालतो तो जितका डॉक्टर, सिस्टर आणि मावशींच्या जिवावर, तितकाच नातेवाइकांच्या जिवावर. आणि तरीही रुग्णालयाच्या इमारतीत, तिथल्या नियमांत आणि दिवसभराच्या धावपळीत त्या नातेवाइकाला कुठेही जागा धरलेली नसते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात 5 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. रात्रपाळीला आमच्या अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर आणि मदतीला नर्सिंगची एक विद्यार्थिनी असायची. दोघी बसलेल्या मला कधी दिसल्या नाहीत. इंजेक्शनं, औषधं, नोंदी, मध्येच अपघाताची नवी केस. मग बाकीचं कोण करणार? सलाईन संपत आली की उठून सांगायचं, लघवीची पिशवी भरली की किती झाली ते वाचून सांगायचं, तोंड धुवायचं, भरवायचं, केस विंचरायचे, भांडं द्यायचं, काढायचं, धुऊन आणायचं. कुणी तसं नेमून दिलेलं नसतं. कागदावर हे काम दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर असतं.

आईला पहिल्यांदा भांडं द्यायची वेळ आली तेव्हा मला शिकवलं ते पलीकडच्या कॉटवरच्या आजींच्या सुनेनं. आजींचंही हाड तसंच मोडलेलं, फक्त त्या आमच्या आधी आलेल्या. सून सातवीपर्यंत शिकलेली, रोजानं शेतात जाणारी. ती म्हणाली, "ताई, कंबरेत हात घालून उचलू नगा, कळ जाईल त्यास्नी. चांगला पाय दुमडाया सांगा." आईनं न दुखावलेल्या पायाचा गुडघा वर घेतला, टाच गादीत रोवली. कंबरेखाली चौघडी केलेली चादर आधीपासून घालून ठेवायची हे तिनंच सांगितलेलं. दोन बाजूंनी आम्ही ती चादर उचलली आणि तेवढ्या फटीतून तिनं चांगल्या पायाच्या बाजूनं भांडं आत सरकवलं. त्याआधी त्यात कोमट पाणी फिरवून ओतून टाकलं होतं, म्हणजे स्टीलचा गारठा लागत नाही. काठावर बोटभर पावडर लावली होती, म्हणजे कातडी ओढली जात नाही. नंतर पुसून कोरडं केल्यावर तिनं मला माकडहाडावर बोट ठेवून दाखवलं, रोज इथं बघायचं म्हणाली. लाल दिसलं की त्याच घटकेला सिस्टरला सांगायचं, काळं पडायची वाट बघायची नाही. पोटरीखाली टॉवेलची घडी घालून टाच गादीपासून अधांतरी ठेवायची, कारण टाचेलाही जखम होते. हे सगळं तिला तिच्या आधी त्या वॉर्डात असलेल्या कुणा बाईनं शिकवलं होतं. त्या बाईला कुणी, ते तिला माहीत नव्हतं. अशी ही विद्या एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जात राहते आणि त्यावर किती म्हाताऱ्या माणसांच्या पाठी शाबूत राहतात.

पाठीची ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगते आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालय 1926 मध्ये सुरू झालं. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयाच्या आवारातच अत्याचार झाला. मेंदूला कायमची इजा झाली आणि पुढची जवळजवळ 42 वर्षं, 18 मे 2015 ला त्या गेल्या तोपर्यंत, त्याच रुग्णालयाच्या एका खोलीत त्यांना सांभाळलं गेलं. ज्या परिचारिका तेव्हा त्यांच्याबरोबर काम करत होत्या त्या निवृत्त झाल्या. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशा मुली कामावर रुजू झाल्या आणि त्यांनी हे काम पुढे नेलं. भरवणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं. एवढ्या वर्षांत अरुणा यांच्या अंगावर अंथरुणाची एकही जखम होऊ दिली नाही, ही गोष्ट न्यायालयापुढेही आली. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं 7 मार्च 2011 ला निकाल दिला. त्यात न्यायालयानं आणखी एक गोष्ट ठरवून टाकली. अरुणा यांचे आईवडील हयात नव्हते, आणि त्यांच्या वतीनं बोलायचा हक्क न्यायालयानं अर्ज करणाऱ्या लेखिकेला न देता केईएमच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना दिला. इतकी वर्षं जे उशाशी बसले त्यांना देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयानं अरुणा यांचं आपलं माणूस मानलं. मला तो निकाल दयामरणापेक्षाही यासाठी मोठा वाटतो.

आपलं माणूस कोण, हा प्रश्न संमतीच्या कागदावर सही करताना जसा समोर येतो तसा एरवी येत नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. इथे, इथे आणि इथे, असं सांगून त्यानं पेन पुढे केलं. मी विचारलं, नेमकं काय करणार आहात? तो कॉटच्या कडेला बसला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि खुब्याच्या वाटीत फिरतं, आईचा तो गोळा मानेत तुटला आहे, या वयात तो जुळून यायची खात्री नाही, म्हणून तो काढून धातूचा बसवायचा. कागदाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं चित्र काढून दाखवलं. धोके कोणते, तेही लपवलं नाही: भूल सोसली नाही तर, जंतू शिरले तर, पायातल्या रक्ताची गाठ सुटून वर गेली तर. मग तो आईकडे वळून म्हणाला, "आजी, दुसऱ्या दिवशी बसवणार तुम्हाला, घाबरायचं नाही." हे सगळं व्हायला पाच-सात मिनिटं लागली असतील. मी सही केली तेव्हा माझा हात स्थिर होता, आणि त्याचं श्रेय त्या मुलाचं.

ससून रुग्णालयातल्या एका जुन्या सहीची गोष्ट मला तेव्हा आठवली होती. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं पुण्याचं हे रुग्णालय 1867 मध्ये सुरू झालं. जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना अपेंडिक्सचं दुखणं उपटलं आणि त्यांना ससूनमध्ये आणलं. शस्त्रक्रिया लांबवता येण्यासारखी नव्हती. करणारे कर्नल मॅडॉक, इंग्रज सर्जन. कैदी हिंदुस्थानचा सर्वांत मोठा नेता. काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता. अशा वेळी उशाशी बोलावले गेले ते भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री. राजकारणात शास्त्री मवाळ, असहकाराला त्यांचा उघड विरोध. पण स्नेह जुना. आपण स्वखुशीनं शस्त्रक्रिया करून घेत आहोत, या निवेदनावर गांधीजींनी पेन्सिलीनं सही केली आणि सही करताना त्यांचा हात थरथरत होता. 12 जानेवारीच्या त्या रात्री शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. लोक ही गोष्ट कंदिलासाठी सांगतात. मी वॉर्डात बसून विचार करत होते तो शास्त्रींचा. मतं जुळत नसताना, बाहेर देशभर काळजी पसरलेली असताना, एका माणसानं दुसऱ्याच्या खाटेपाशी उभं राहायचं आणि त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यायचं, एवढंच त्या रात्री त्यांचं काम होतं.

भाऊ बाहेर होता त्याचं काम वेगळं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावरचे आरोग्यमित्र, रेशनकार्ड, फोटो, रक्तपेढीत बदली रक्तदाता म्हणून गावाकडून आणलेली दोन मुलं. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं 8 जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला आत्ताचं नाव मिळालं. ती नसती तर आईच्या खुब्यातला धातूचा गोळा आम्हाला कर्ज काढून घ्यावा लागला असता, हे मी कृतज्ञतेनं लिहिते. पण त्यासाठी खिडकी ते खिडकी फिरणारा माणूस रात्री झोपत होता जिन्याखालच्या फरशीवर, चपला उशाला घेऊन. त्याच्या बाजूला आणखी पंधरा-वीस जण. पाऊस आला की सगळी वळकटी उचलून भिंतीला चिकटायची. बायकांना आत निदान कॉटखालची जागा मिळते, चटई अंथरून. बसायला मात्र आत-बाहेर कुठेच काही नाही. कॉटजवळ एक स्टूल असतं, ते सलाईनच्या स्टँडशेजारी औषधांसाठी.

गाडगेबाबांना हे फार आधी दिसलं होतं. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला वारकऱ्यांसाठी, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दवाखान्यासाठी परगावाहून आलेल्या गरिबांचे हालही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. मुंबईत दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आहे आणि तिथे टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेली माणसं नातेवाइकांसह उतरतात. गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 ला गेले. त्यानंतर राज्यात किती जिल्हा रुग्णालयं, किती वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली. नव्या इमारतीच्या नकाशात गाड्यांच्या पार्किंगला जागा ठेवलेली मी पाहिली आहे. रात्री पाठ टेकायला नातेवाइकांची खोली ठेवलेली फार कमी ठिकाणी पाहिली.

भेटायला येणाऱ्यांबद्दल लोक फार तक्रार करतात. गर्दी करतात, मोठ्यानं बोलतात, जंतू आणतात. डॉक्टरांची बाजू खरी आहे, ऑपरेशन झालेल्या रुग्णाभोवती दहा माणसांनी उभं राहू नये. पण आईच्या बाजूनं बघितलं तेव्हा मला वेगळं दिसलं. चार वाजायच्या आधी ती मला पदर सारखा करायला लावायची. कोण आलं, कोण अजून आलं नाही, कुणी फोनवर भागवलं, सगळं तिच्या मनात टिपलेलं असायचं. बाजारच्या दिवशी गावाकडची जीप भरून आली की तिचा चेहरा उजळायचा. शेंगदाण्याचे लाडू, केळी, नारळ, बिस्किटांचे पुडे, त्यातलं निम्मं तिला चालणारं नव्हतं, ते सगळं वॉर्डात वाटलं जायचं. मला राग यायचा तो एकाच प्रकारच्या माणसांचा: आमच्या अमक्यालाही असंच झालं होतं, म्हणत मेलेल्या माणसाची कहाणी खाटेपाशी उभं राहून सांगणाऱ्यांचा. याउलट माझी एक चुलत जाऊ यायची, पिशवी ठेवायची आणि म्हणायची, जा, आंघोळ करून दोन घास खाऊन ये, मी बसते. ती रुग्णाला भेटायला येत होती आणि मलाही.

2017 च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातल्या निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं. त्यानंतर मोठ्या रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढले, रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास अशी पद्धत आली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहेच. हात उगारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. छत्तीस छत्तीस तास जागून काम करणाऱ्या पोराच्या अंगावर धावून जाणाऱ्याला दुःखाचं कारण पुढे करता येत नाही. पण पास आणि काठी घेतलेला रक्षक एवढ्यानं हे थांबेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी वॉर्डाच्या दाराबाहेर एक रात्र काढून बघावी. तिथे माणूस उभा असतो आणि त्याला काहीच माहीत नसतं. आत नेलंय, बघताहेत, थांबा, सर येतील, उद्या विचारा. चार-चार तास असे जातात. राग तिथे साठतो. त्यात गावाहून आलेला एखादा पुढारी मिसळला की ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांनी यावर आपल्यापुरता मार्ग काढला होता. सकाळचा राउंड संपला की त्या वॉर्डाच्या दारात यायच्या, बाहेरच्या पुरुषांनाही बोलवायच्या आणि केसपेपरांचा गठ्ठा हातात धरून एकेका कॉटचं सांगायच्या. "तीन नंबर, आज टाके काढणार. सात नंबर, साखर अजून खाली आलेली नाही, ऑपरेशन पुढे गेलं, गोड आणू नका. अकरा नंबर, तुम्ही थांबा, तुमच्याशी सर बोलतील." वाईट बातमी त्या सगळ्यांसमोर सांगत नसत. त्यांचा आवाज कडक होता, कुणी उलट विचारलं तर पुन्हा सांगायच्या, पण दोनदाच. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागत. तसा कुणाचा आदेश नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत त्या दारात कधी आवाज चढला नाही. मला वाटतं, प्रत्येक वॉर्डात ही पंधरा मिनिटं नेमून दिली पाहिजेत, ती घेणाऱ्या माणसाच्या कामाच्या तासांत धरली पाहिजेत, आणि प्रत्येक कॉटजवळ एक खुर्ची असली पाहिजे. मोठ्या इमारतींची वाट न बघता हे करता येतं.

अकरा नंबरच्या म्हणजे पलीकडच्या आजीच. त्यांचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण नंतर छातीत कफ भरला. मुलाला सिस्टर रोज सांगत होत्या, काल किती ताप होता, आज ऑक्सिजन किती लागतोय, आयसीयूत का हलवलं. तिसऱ्या प्रहरी त्या गेल्या तेव्हा गावाकडून जीप भरून माणसं आली. त्यांच्यातल्या एकानं आवाज चढवला, ऑपरेशन करायलाच नको होतं, कुणी सांगितलं होतं. मुलगा मध्ये उभा राहिला. "मला समदं सांगितलंय त्यांनी. मी सही केलीय," तो म्हणाला. मग त्याची बायको आणि मी मिळून कॉटखालची वळकटी, डबे, थर्मास गोळा केला. बाहेरच्या व्हरांड्यातल्या पुरुषांनी कागद फिरवले.

दहावं झाल्यावर तो एकटाच परत आला. आईचं ऑपरेशन तोवर होऊन ती वॉकरला धरून कॉटभोवती चालू लागली होती. त्याच्या हातात पिशवी होती, तिच्यात आजींसाठी घेतलेल्या डायपरचं न फोडलेलं पाकीट, पावडरचा डबा आणि ते स्टीलचं भांडं, घासून लख्ख केलेलं. "आमच्यात आता कुणाला लागत नाही, वॉर्डात ऱ्हाऊ द्या," म्हणाला. भांडं त्यानं आठ नंबरला त्याच सकाळी आलेल्या बाईंच्या मुलीकडे दिलं. आईनं त्याला जवळ बसवून घेतलं, कांदा काय भावानं गेला विचारलं, सुनेचं विचारलं. आठ नंबरची मुलगी भांडं हातात धरून आमच्या बोलण्याकडे बघत उभी होती. मी उठले आणि तिला म्हटलं, आधी चादरीची चौघडी कर.